वरची खोली आणि जर्मनीचा कायदा

...अन् वरून पोट्टी मलेच म्हणते, बाबा, तुम्ही प्लांटचे माणूस, तुम्ही तं समजून घ्या. आता काय समजून घेऊ जी? तुम्ही म्हणाल, आम्ही नवराबायको खोली पाहायले आलो, नळाले गरम पाणी येते का एवढंच विचारलं, अन् हे काका कायले तापले. बसा. ताई, तुम्ही त्या खुर्चीत बसा, ती हलत नाही. चाव्या माझी बायको विजया घेऊन येते, तिचं देवाचं आटपू द्या. गरम पाणी येते. चोवीस तास येते. भिलाईच्या या पूर्ण कोहक्यात असं पाणी दुसऱ्या कोणाच्या नळाले नाही. पण ते कावून येते हे ऐकल्याशिवाय तुम्ही वर पाय ठेवायचा नाही, कारण उद्या गल्लीतले लोक सांगतीलच, अन् मीठमिरची लावून सांगतील, त्यापेक्षा माझ्या तोंडून ऐका.

माझी एकच पोट्टी, हर्षा. भिलाईत शिकली, रायपूरले इंजिनिअर झाली, अन् जर्मनीत गेली, म्हणे दोन वर्षांसाठी. जवाईबापू चंदन, दुर्गच्या रेल्वेवाल्यांचा पोट्टा, मराठी सगळं समजते पण बोलते हिंदीतच, मोठा सरळ माणूस, अन् सरळ माणसापायी माणसाची किती फजिती होते ते पुढं येईलच. तं ही हर्षा तिथं एका हापिसात बसते, अन् ते हापिस तिथल्या सरकारले हिशेब करून देते की लोकाइनं घरं तापवायची कशी. तुमाले सांगतो, तिथं घर थंड करत नाहीत, तापवतात. नाही तापवलं तं माणूस राहत नाही. घरोघरी तळघरात ग्यासचं बॉयलर. अन् तो ग्यास यायचा रशियाकडून, तिकडे लढाई लागली, ग्यास आटला, अन् सगळा युरोप खडबडून जागा झाला. आता म्हणे जाळणं बंद. आता म्हणे हीट पंप.

हीट पंप म्हणजे काय? तुम्ही जामुलच्या सिमेंट कारखान्यात आहात म्हणता, तुमाले समजेल, ताईसाठी सांगतो. आपला एसी असतो ना, तो घरातली गरमी ओढते अन् बाहेर फेकते. हे यंत्र उलटं. बाहेरच्या हवेतली गरमी ओढते अन् पाण्यात कोंबते. आग नाही, धूर नाही, राख नाही, अन् गीझरले जेवढी लाइट लागते तिच्या तिसऱ्या हिश्श्यात काम होते. हे मले फोनवर हर्षानं सांगितलं तेव्हा मी हसलो. म्हटलं, पोट्टी, तुझा बाप भिलाई स्टील प्लांटात ब्लास्ट फर्नेसच्या स्टोव्हवर होता. स्वयंपाकाचा नाही ताई, आठदहा मजली उंच स्टोव्ह, त्यात हवा लाल होईपर्यंत तापवायची अन् भट्टीत सोडायची. ज्यानं सगळी नोकरी आगीच्या खिडकीले डोळा लावून काढली, त्याले तू सांगते की आगीवाचून पाणी तापते? तं म्हणते कशी, "बाबा, जाळणं म्हणजे आळशीपणा आहे." बापाच्या सगळ्या नोकरीले पोट्टी आळशीपणा म्हणून मोकळी झाली.  पोट्टीनं सांगितलं, बापानं ऐकलं.

बरं, माझ्याकडे बंब होता. तांब्याचा. लग्नात सासऱ्यानं दिला, आर्वीहून पॅसेंजर गाडीत मी मांडीवर घेऊन आणला. आता मी असा माणूस की मे महिन्यातही मले अंगाले चटका बसल्याशिवाय आंघोळ झाली असं वाटत नाही. इथले लोक हसतात. केवलराम साहू, हा समोरचा, तो म्हणे, "भैया, बाहर आगी बरसत हे अउ तैं पानी ला तिपोवत हस?" मी म्हटलं, तुम्ही तुमचा पाण्यातला शिळा भात, बोरे-बासी खा, मले माझी आंघोळ करू द्या. तं तो बंब. हर्षा फोनवर रोज मागं लागली, बाबा तो धूर, बाबा आईचे डोळे, बाबा तुमची छाती, बाबा मी इथं जगाले सांगून राहिली अन् माझ्याच घरी लाकडं जळून राहिले, मी कोणत्या तोंडानं बोलू? हा तोंड शब्द मले लागला जी. पोट्टीच्या तोंडाचा प्रश्न होता. बंब देवरावले देऊन टाकला.

देवराव म्हणजे गल्लीच्या टोकाचा, रेल्वेतून रिटायर, जिभेले हाड नाही. बंब डोक्यावर उचलला अन् जाता जाता म्हणे, "शामसुंदर, आज पोट्टीनं सांगितलं म्हणून बंब दिला, उद्या सांगीन तं बायकोले बाहेर काढशील का बे?" विजया दारातच उभी होती. हसली. 

मंग यंत्र आलं. गच्चीवर बसवलं. ढोलासारखी टाकी अन् वर पंखा. पहिल्या दिवशी मी नळाखाली हात धरला अन् भाजला, तुमाले सांगतो, भाजला. मी त्या टाकीभोवती फिरलो, खालून पाहिलं, वरून पाहिलं, आग कुठंच नाही. अन् इथं भिलाईत तं त्या यंत्राची चैनच आहे, कारण त्याले पाहिजे गरम हवा, अन् गरम हवेले आपल्याकडे काय तोटा? अन् पाणी तापवता तापवता ते दुसऱ्या बाजूनं थंड हवा सोडते, ओढलेली गरमी गेली ना त्यातली, मंग राहते थंडी. विजयानं ते बरोबर हेरलं. भर उन्हाळ्यात गच्चीवर त्या थंड हवेपुढं पाट टाकून तांदूळ निवडायले बसली. मंग देवरावची बायको आली. मंग केवलरामची माय आली. आठ दिवसांत आमच्या गच्चीवर बायांचं भजनी मंडळ बसू लागलं, अन् खाली मी चहा करून राहिलो.

मी पटलो ना जी. पूर्ण पटलो. मी म्हणतो, नवीन धर्मात गेलेला माणूस जुन्यापेक्षा जास्त घंटा वाजवते, तसं माझं झालं. लग्नात गेलो की हीट पंप. मयतीत गेलो की हीट पंप. मरोद्याले एक जण वारला, तिथं गरम पाणी पाहिजे होतं अन् लाकडं ओली, मी तिथंही सुरू झालो तं त्याच्या भाच्यानं मले हाताले धरून अंगणात नेलं. लोक मले पाहून रस्ता बदलू लागले. पण मी कोणासाठी करून राहिलो होतो? माझ्यासाठी? हर्षा म्हणायची, "बाबा, इथला कायदा एकदा पास झाला ना, की माझं इथलं काम संपलं. मग मी भिलाईला येते. आपल्याकडे एवढी हॉटेलं, हॉस्टेलं, दवाखाने, सगळ्यांना गरम पाणी लागतं. इथंच काम सुरू करू." समजलं का? मी तिच्यासाठी जमीन नांगरून ठेवून राहिलो होतो. पोट्टी आली की तिले फक्त पेरायचं होतं.

म्हणून ही वरची खोली. पाहालच तुम्ही. जे रिटायरमेंटचं होतं ते घातलं अन् बांधली. उत्तरेकडे मोठी खिडकी, तिच्या टेबलावर उजेड यावा म्हणून. चंदनले उंच शॉवर लागते म्हणून तो उंच. भिंतीले रंग तिनंच फोनवर पसंत केला, फिकट हिरवा, "छान आहे बाबा" म्हणे. पोट्टीनं सांगितलं, बापानं ऐकलं.

आता कायद्याचं ऐका. तुम्ही पोट्टेपोट्टी क्रिकेट पाहता, मी जर्मनीचा कायदा पाहायचो. सकाळी उठलो की चष्मा लावला अन् मोबाइलमधी पाहिलं, काल तिथं काय झालं. कायदा असा की नवीन हीटर बसवाल तं त्याची निम्म्याहून जास्त गरमी ही हवा, ऊन, वारा, अशा न संपणाऱ्या ठिकाणाहून आली पाहिजे. चांगला कायदा. पण तिथं सरकारात तीन पक्ष, अन् तिघांचे तोंडं तीन दिशेले. एक म्हणे लगेच लावा, दुसरा म्हणे लोक मारतील, तिसरा म्हणे दोघांचंही बरोबर आहे. कच्चा कागदच पेपरवाल्याइले सापडला. बोंबाबोंब. मी इथं कोहक्यात त्या तिसऱ्या पक्षाले शिव्या घालून राहिलो. विजया विचारे, "कोणाले बोलता जी?" मी म्हणे, तुले नाही, जर्मनीले. जुलैमधी मतदान होणार, मी सकाळपासून उपाशी, अन् ऐन वेळी त्याइच्या मोठ्या कोर्टानं मतदान थांबवलं, म्हणे खासदाराइले वाचायले वेळ नाही दिला. वाचायले वेळ? आपल्याकडे कोण वाचते? अन् थांबवलं तं थांबवलं, खासदार उन्हाळ्याच्या सुट्टीवर गेले. माझी पोट्टी अडकून राहिली अन् हे समुद्रावर जाऊन झोपले.

शेवटी सप्टेंबरात झाला पास. गणपती तोंडावर होते. मी पेढे आणले. अख्ख्या गल्लीत वाटले. लोकाइले वाटलं नातू झाला. केवलराम म्हणे, "बधाई हो, का होइस, बाबू के नोनी?" पोरगा का पोरगी, असं विचारते. मी म्हटलं, कायदा. त्यानं पेढा हातात धरला अन् माझ्याकडे पाहत राहिला. मंग खाल्ला. तोही म्हणाला असेल मनात, म्हाताऱ्याचा गीझर उडाला.

अन् मी तिले फोन केला. म्हटलं, पोट्टी, झालं आता. कधी येते? तं ती म्हणे, "हो बाबा, बघू, थोडं काम आहे अजून." थोडं काम आहे. मी म्हटलं असेल, कायदा पास झाला की मागून कागद राहतेच. आपल्याकडे काय कमी असते?

अन् मंग मी ती चूक केली. दिवाळीनंतर आपल्या महाराष्ट्र मंडळाचं स्नेहसंमेलन असते, शनिवार दुपार, फराळ, पोराइचे डान्स. मी सेक्रेटरीले म्हटलं, अर्धा तास मले दे. मी लोकाइले दाखवतो की हे खूळ माझं एकट्याचं नाही, जर्मनीत माझ्या पोट्टीच्या घरीही हेच यंत्र आहे. व्हिडिओ कॉल लावू, मोठ्या पडद्यावर. देवराव म्हणे, "तुले माहीत आहे ना तिच्या घरी आहे म्हणून?" मी म्हटलं, अबे, जी पोट्टी बापाचा बंब सोडवते तिच्या घरी काय चूल राहीन? हर्षाले आधी सांगितलंच नाही. म्हटलं सरप्राइज देऊ.

तुमाले आता हॉल डोळ्यापुढं आणायले लागेल. तीनशे खुर्च्या, चकल्या खाऊन तृप्त झालेले लोक, अन् त्यात निम्मे कोण? सगळे आपल्या प्लांटचे. कोणी कोक ओव्हनचा, कोणी रोलिंग मिलचा, कोणी ऊर्जा विभागाचा. मी माइक घेतला, दोन शब्द बोललो, अन् फोन लावला. फोन उचलला चंदननं. हर्षा ब्रेड आणायले गेली होती. हा गंजीफ्रॉकवर. तीनशे लोकाइनं जवाईबापू गंजीफ्रॉकवर पाहिले. "अरे पापाजी, नमस्ते, मम्मीजी कहाँ हैं?" मी म्हटलं, बापू, जास्त बोलू नका, खाली जा अन् पाणी गरम करायचं तुमचं यंत्र दाखवा, सगळं मंडळ पाहून राहिलं. तो खूश. "हाँ हाँ पापाजी, एकदम नया है," म्हणे, अन् फोन घेऊन जिन्यानं खाली धावला.

अन् पडद्यावर ते आलं. भिंतीवर टांगलेली पांढरी पेटी, सुंदर, चकचकीत. अन् त्या पेटीत खालून गेलेली एक पाइप. पिवळी.

तुम्ही कारखान्यातले, तुमाले सांगायले नको. ताई, आमच्या प्लांटमधी पाइप पाहिली की रंग पाहायचा. पाण्याची हिरवी, वाफेची वेगळी, हवेची निळी. पिवळी म्हणजे ग्यास. पोट्टा नोकरीले लागला की पहिल्या दिवशी हे शिकवतात, कारण हे नाही शिकला तं दुसऱ्या दिवशी नोकरीवर येत नाही. अन् हॉलमधी दीडशे माणसाइनं ती पिवळी पाइप एकदम पाहिली. चकली खाण्याचा आवाज बंद झाला.  एकटा देवराव, रेल्वेतला ना तो, त्याले काय समजते पाइपातलं, तो मोठ्यानं विचारते, "अबे, कोण मेलं? गप्प कावून बसले सगळे?" मागून ऊर्जा विभागाचा कोणीतरी हळूच म्हणे, "ग्यास आहे ना भाऊ ते."

मी माइकवरच विचारलं. माइक बंद करायचं सुचलं नाही मले. म्हटलं, बापू, हे तं ग्यासचं आहे. तं चंदन म्हणते, "हाँ पापाजी, गैस का ही है ना। वो कानून लागू होने वाला था ना जनवरी से, तो सबने पहले ही लगवा लिया। पूरी गली ने लगवाया। हर्षा बोली, जल्दी करो, बाद में झंझट है।" हॉलमधी कोणीतरी फुस्सकन हसलं. समजलं का तुमाले? तोच कायदा. ज्या कायद्याचे मी पेढे वाटले, ज्याच्यासाठी मी उपाशी राहिलो, त्या कायद्याचे आकडे हिनं दिवसा हापिसात लिहिले, अन् संध्याकाळी घरी येऊन म्हणे लागू व्हायच्या आधी ग्यास बसवून घे.

तरी मी म्हटलं, भाड्याचं घर असेल, घरमालकाची मर्जी, पोट्टीचा काय दोष. माइकवरच. बाप असाच असते जी, बुडतानाही पोट्टीले कोरडं ठेवते. तं हा सरळ माणूस, हा देवमाणूस म्हणते, "किराए का नहीं पापाजी, अपना है ना। ले लिया था ना गर्मियों में। मम्मीजी ने तो फोन पे पूरी पूजा करवाई थी, दूध भी उफनवाया था, वो बिजली का चूल्हा था तो बार-बार बंद हो जाता था, मम्मीजी बोलीं, बंद मत होने दो, बाहर गिरना चाहिए।" अन् हसते. "बीस साल का टेंशन नहीं पापाजी अब।"

मी वळून विजयाकडे पाहिलं. पहिल्या रांगेत बसली होती. पदर नीट करत होती, नीट असलेला.

वीस वर्ष. म्हणजे समजलं ना? ज्याले दोन वर्षांत परत यायचं आहे तो वीस वर्षांचं बॉयलर लावते का? घरात दूध उतू घातलं म्हणजे तिथं राहायचं ठरलं. अन् हे केलं उन्हाळ्यात, जेव्हा मी इथं गच्चीवर चुना फक्कीनं तिच्या खोलीचा नकाशा आखून राहिलो होतो. भिंतीचा रंग पसंत करताना तिच्या घरच्या भिंती ताज्या रंगानं ओल्या असतील. "छान आहे बाबा."

घरी आलो. विजयाले विचारलं, कावून नाही सांगितलं? तं म्हणते, "तुम्ही रोज सेंट्रिंगवाल्याच्या मागं उभे. रोज वर जाऊन खिडकीतून उजेड पाहायचे. कोणत्या तोंडानं सांगू?" पुन्हा तोंड. या घरात सगळ्याइच्या तोंडाचा विचार होते, माझ्या सोडून. मी म्हटलं, दूध किती वेळा बंद झालं? तं म्हणते, "चार वेळा. पाचव्यात उतू गेलं." अन् रडायले लागली. आता बोलू कोणाले?

हर्षाचा फोन आला. रडली तीही. म्हणे, बाबा, जुनं घर आहे, खोल्या तापवणारे भिंतीवरचे रेडिएटर बारीक आहेत, त्याले खूप कडक पाणी लागते, तेवढं कडक पाणी हीट पंपनं काढलं तं लाइट जास्त खाते, मंग भिंतीत थंडी अडवायचा थर भरा, रेडिएटर बदला, कारागीर वर्षभर मिळत नाही, थंडी तोंडावर. बाबा, तुम्ही प्लांटचे माणूस, तुम्ही तं समजून घ्या. अन् खरं सांगू का जी, मले समजलं. टेक्निकल बाजूनं पोट्टी शंभर टक्के बरोबर होती. मी तिच्या जागी असतो तं मीही ग्यासच लावला असता. हेच तं वाईट. बॉयलरवर मले राग काढता येत नाही. ते यंत्र खरं, हे यंत्र खरं, कायदाही चांगला, आता म्हणे तिथलं नवीन सरकार तो कायदाच बदलून राहिलं, बदलू दे, माझं काय जाते. मले फक्त हे लागलं की ती येणार नाही हे दुर्गच्या जवाईले माहीत, विजयाले माहीत, त्या जर्मन गल्लीतल्या बॉयलरवाल्यालेही माहीत असेल, अन् एकट्या बापाले ते तीनशे लोकाइसंगं, माइक हातात धरून समजलं. तिनं नाही येत म्हटलं असतं तं मी काय धरून ठेवलं असतं? मी खोलीत धान्य भरलं असतं. पण मले सांगायचं तरी. सगळ्या गोष्टी पोट्टीनं सांगितल्या, बापानं ऐकल्या, अन् जी एक ऐकायची होती तीच सांगितली नाही.

ह्या आल्या विजयाबाई चाव्या घेऊन. जा, पाहून या वर. पंखा नवीन आहे, उजेड चांगला आहे. अन् माझ्या काही अटी नाहीत, बाकीच्या घरमालकासारख्या. मटण शिजवा. पाहुणे आणा, महिनाभर ठेवा. रात्री गाणे लावा. भिंतीले खिळे ठोका, रंग आवडला नाही तं बदला. खोली तुमची. फक्त एक. पुढं मागं कुठं दुसरी नोकरी लागली, स्वतःचं घर घेतलं, जायचं ठरलं, तं जा खुशाल. पण ते आधी मले सांगा. हिले नंतर.